साखरेच्या वहीत आणखी चार रकाने

शुगर असलेल्या घरात एक वही असतेच. उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, मागच्या वेळी एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, किती आलं होतं. मी सांगलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता निवृत्त आहे. लोक रिपोर्टचं पाकीट काउंटरवरच फाडतात, बोट फिरवत एक आकडा शोधतात, तो बरा असला की कागद पिशवीत आणि माणूस रिक्षात. बाकीची पानं कुणी वाचत नाही.

माझं सांगणं एवढंच, की त्या वहीत आणखी चार रकाने पाडा: कंबर, बीपी, लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि डोकं. शेवटच्या रकान्याला हसू नका. मधुमेहात पाय जपा, डोळे जपा, किडनी जपा हे सगळे सांगतात, मेंदूचं नाव कुणी काढत नाही. टाइप टू मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांच्या साधारण दीडपट ते दुप्पट असतो. आणि हा धोका एकट्या साखरेच्या आकड्यात मावत नाही. पोटातली चरबी आणि रक्तवाहिन्यांची अवस्था त्यात गुंतलेली असते, आणि या दोन्ही गोष्टी घरी किंवा थोडक्या खर्चात मोजता येतात.

आधी कारण, म्हणजे मोजायला हात उचलेल. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन तो २० टक्क्यांच्या आसपास खातो आणि शिल्लक काही ठेवत नाही. एका भागाचे निरोप दुसऱ्या भागाला पोचवणारा जो खोल पांढरा भाग आहे, तिथं रक्त नेणाऱ्या वाहिन्या लांब आणि फार बारीक असतात. कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटाला, शेत असणाऱ्याची जी गत, ती या भागाची. वर जरा काही बिघडलं की पहिली तूट इथं. बिघाड करणारे तिघं एकत्र येतात. वाढलेली साखर आणि वाढलेलं बीपी वाहिनीच्या आतल्या अस्तराला सतत घासतात. पोटातली, म्हणजे आतड्यांभोवतीची चरबी नुसती पडून राहत नाही. ती चरबीची आम्लं थेट यकृताकडे सोडते, सूज आणणारी द्रव्यं रक्तात मिसळते आणि इन्सुलिनचं काम बिघडवते. निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनी सैल ठेवतं. ते कमी पडलं की वाहिनी ताठ होते आणि मेंदूला गरज असेल तेव्हा रक्त वाढवून देऊ शकत नाही.

यातून आधी काय बिघडतं? बहुतेकांना वाटतं विसराळूपणा. मधुमेहात बऱ्याचदा आधी वेग जातो आणि दोन कामं एकदम करण्याची हातोटी जाते. आमचे हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. फोन कानाला, समोर शेतकरी उभा, आणि पेन्सिल हिशेबपट्टीच्या आकड्यांवरून खाली सरकत असायची. बेरीज तळाशी पोचेपर्यंत फोनवरचा भावही ठरलेला असायचा. साठीनंतर ते फोनवरच्या माणसाला म्हणायला लागले, "जरा थांबा, एवढी बेरीज करतो." विसरत काहीच नव्हते. कुणाच्या पोरीचं लग्न कुठल्या साली झालं, ते आजही सांगतात. त्यामुळं घरात कुणाला काही वाटलं नाही. म्हातारपण म्हणून सगळे मोकळे. मला मात्र त्यांचं पोट आणि त्यांचे जुने रिपोर्ट दोन्ही माहीत होते.

आता कंबर.

टेप शिंप्याची चालेल, पण आधी ती तपासा. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ताणलेली असते. पोरांच्या दप्तरातली स्टीलची पट्टी तिच्याशेजारी धरा. फरक दिसला तर नवी फायबरची घ्या. सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी मोजायचं. बाजूला हात घालून शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा. त्या दोन्हींच्या मधोमध टेप आडवी, जमिनीला समांतर, कातडीला टेकलेली पण न रुतलेली. श्वास सहज सोडून आकडा वाचायचा. पोट आत ओढायचं नाही. माणूस ओढतोच, म्हणून दुसऱ्यानं मोजावं. बायकांनी निऱ्या आणि परकराची नाडी सोडून मोजा, नाडीवरून घेतलेलं माप नाडीचं असतं. पुरुषांनी पँटचं माप सांगू नये. "माझी कंबर चौतीसच आहे, लग्नातली पँट बसते" असं म्हणणाऱ्यांची पँट पोटाखाली घसरलेली असते.

भारतीयांसाठी धोक्याची रेघ पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. इंचात सांगायचं तर साडेपस्तीसच्या आणि साडेएकतीसच्या आसपास. उंचीचा हिशेबही सोपा आहे: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. महिन्यातून एकदा पुरे. रोज मोजून नुसती चिडचिड होते.

"मी तर बारीक आहे" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच दाखला छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तंतोतंत एक, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. काट्यावर दोघं सारखे, आतून दुपटीहून जास्त फरक. हातपाय काटकुळे आणि मधेच पोट सुटलेलं, ही ठेवण आपल्याकडे घरोघर आहे. म्हणून मी वजनकाट्याआधी टेप मागते. आपल्यासाठी बीएमआयची रेघही खाली आणलेली आहे. २३ च्या पुढं जास्त वजन धरतात, २५ च्या पुढं लठ्ठपणा.

एक खुलासा करते, कारण टीव्हीवर भलतंच सांगतात. वजन उतरवलं की बुद्धी तल्लख होते, असं सरळ गणित नाही. अमेरिकेत मधुमेही माणसांवर 'लुक अहेड' नावाचा मोठा, बरीच वर्षं चाललेला अभ्यास झाला. आहार-व्यायामाच्या गटातल्या लोकांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये त्या पांढऱ्या भागातले डाग कमी दिसले, पण बुद्धीच्या चाचण्यांत एकूण फार फरक पडला नाही. म्हणजे वाहिन्यांची झीज रोखता येते. गेलेलं परत आणायची हमी कुणी देऊ नये. आणि सत्तरीच्या माणसाचं वजन काही न करता आपोआप उतरायला लागलं तर पेढे वाटू नका, डॉक्टरांकडे न्या. स्मृतिभ्रंशाच्या आधीही वजन असं उतरू शकतं.

दुसरा रकाना बीपीचा, आणि माझ्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा. घरी दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्ट्यावर बीपी खोटं जास्त येतं. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना काही नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे गप्प; आमच्या सासूबाई पट्टा फुगत असतानाच भाजीवाल्याची तक्रार सुरू करायच्या. दंड उघडा, टेबलावर हृदयाच्या पातळीला. दोन वेळा मोजा, मधे एक मिनिट, आणि दोन्ही लिहा. मनाजोगता एकच निवडून लिहायचा नाही.

मधुमेहात बहुतेकांना १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात, पण तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. वयस्कर माणसाचं बीपी उभं राहिल्यावरही मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरला तर ते सांगा. असा माणूस पहाटे बाथरूमला उठताना पडतो.

तिसरा रकाना लघवीतल्या अल्ब्युमिनचा. किडनीची गाळणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचाच गुच्छ. ती गळायला लागली की अंगभरच्या बारीक वाहिन्यांचं कसं चाललंय याचा अंदाज येतो, मेंदूतल्याही. तपासणीचं नाव एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. सकाळची पहिली लघवी सगळ्यांत चांगली. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असलं तर ठीक. ताप, लघवीची जळजळ, पाळी किंवा आदल्या दिवशी मोठी दगदग झाली असेल तर आठवडाभर थांबा, नाहीतर आकडा उगाच वर येतो. एकदा जास्त आलं म्हणून रडत बसू नका. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने जास्त आले तरच ते खरं धरतात. डबी लॅबमधूनच न्या. एक आजोबा खोकल्याच्या औषधाची बाटली विसळून नमुना घेऊन आले होते, लघवीत साखर भरभरून निघाली, आणि आजोबांना मधुमेहच नव्हता.

डोळ्यांचा पडदा ही तर मेंदूच्या वाहिन्यांची सख्खी भावकी, आणि शरीरातली बारीक वाहिनी चिरफाड न करता डॉक्टरांना थेट पाहता येते ती तिथं. वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्या. मिरज शेजारी असताना डोळ्यांच्या डॉक्टरला सांगलीकरानं तोटा म्हणू नये. त्याच फेरीत एलडीएलही, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलही, काढा. मधुमेहात ते किती खाली हवं हे नेहमीच्या 'नॉर्मल'च्या छापील रकान्यावरून ठरत नाही, डॉक्टर ठरवतात.

एचबीएवनसीबद्दल एक लॅबमधली गोष्ट. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वर जातो. नुकतं रक्त गेलं असेल किंवा चढवलं असेल तर खोटा खाली येतो. हिमोग्लोबिन शेजारी लिहिलेलं नसेल तर एचबीएवनसीवर भांडू नका.

आता साखर किती उतरवायची? जितकी खाली तितकं डोकं बरं, असा समज असतो. 'अकॉर्ड-माइंड' या अभ्यासात तेच तपासलं. एचबीएवनसी ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न केलेल्या गटाचं डोकं ४० महिन्यांनी दुसऱ्या गटापेक्षा सरस ठरलं नाही. मूळ 'अकॉर्ड' अभ्यासातला तो कडक उपचार तर २००८ मध्ये थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू जास्त झाले. म्हाताऱ्या माणसाला साखर घसरण्याचा धोका वेगळाच. इन्सुलिन किंवा साखर खाली ढकलणाऱ्या जुन्या गोळ्या चालू असतील, आणि एकादशीचा उपासही कडक, तर दुपारी चारला घाम, थरथर, बडबड. वारंवार जोराची साखर उतरणाऱ्या वयस्करांमध्ये पुढं स्मृतिभ्रंश जास्त आढळतो. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली दिसलं आणि माणूस गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातल्या दूधतुपानं साखर रक्तात सावकाश चढते. वहीत वेळ लिहा आणि डॉक्टरांना डोस कमी करायचा का, ते विचारा. सत्तरीच्या, बऱ्याच आजारांच्या माणसाला डॉक्टर स्वतःहून ८ पर्यंत मुभा देतात. पंचविशीतल्या भाच्याच्या रिपोर्टशी बरोबरी करू नका.

खाण्याबद्दल मी लांबण लावत नाही, फक्त सांगलीत जे प्रश्न हमखास येतात तेवढे. गूळ चालतो का? नाही. गूळ म्हणजे बहुतेक साखरच, कारखान्याची असो की गुऱ्हाळाची. बेदाणा? घरचा असला, तासगावचा असला, तरी वाळवलेली द्राक्षंच ती. मूठभर नको, चार दाणे. भडंग? संध्याकाळी टोपलंभर भडंगात मुरमुरे, तेल आणि मीठ तिन्ही आलं. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लोणचं, पापड, कांदा-लसणाची चटणी यांतलं मीठ आपण धरतच नाही. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीन भाकरी आणि वाटीभर पातळ आमटी हे जेवण उलटं आहे. एक-दीड भाकरी, मोकळी मटकी किंवा हुलगा भरपूर, पालेभाजी, मग ताक. आणि हळद? हळदीच्या गावात राहून ती विचारणारच. फोडणीत घाला, औषध म्हणून भरवसा ठेवू नका. तिच्यातलं कुर्क्युमिन अंगात फारसं शोषलंच जात नाही, आणि जास्त ताकदीच्या कॅप्सूलनं काहींच्या यकृताला इजा झालेली आहे.

मिश्री मात्र मी सोडणार नाही. बिडी ओढणाऱ्या नवऱ्याला बोलणाऱ्या बायका स्वतः सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात आणि तिला तंबाखू म्हणत नाहीत. निकोटीन हिरडीतून गेलं काय नि फुप्फुसातून गेलं काय, वाहिनी आवळायची ती आवळतेच. डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं की नाही म्हणू नका.

चालायला आठवड्याला १५० मिनिटं सांगतात. सोयीचं गणित असं, की जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं. पायाचे स्नायू तेव्हाच साखर ओढून घेतात. आमराईत सकाळी फेऱ्या मारून घरी येऊन दिवसभर खुर्चीत, हे पुरत नाही. चालण्याइतकीच ताकदही लागते, कारण साखर मुख्यतः स्नायूत खपते आणि वय वाढतं तसे स्नायू वितळतात. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, दहा वेळा, थांबून पुन्हा. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन वरखाली. पायाला जखम किंवा बधिरपणा असेल, छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० माणसांवर आहार, व्यायाम, डोक्याला काम आणि बीपी-साखरेवर नजर हे सगळं एकत्र दोन वर्षं राबवलं. २०१५ मध्ये निकाल आला, आणि फरक दिसला तो नेमका कामाच्या वेगात आणि आखणीत. ती माणसं सगळी मधुमेही नव्हती, पण आपल्याला जे दुखतं तेच सुधारलं, म्हणून मला तो अभ्यास आवडतो.

चौथा रकाना डोक्याचा. इथं मार्क द्यायचे नाहीत. तीन महिन्यांतून एकदा घरातल्या माणसानं चार ओळी लिहायच्या, आणि त्या कामाच्या असाव्यात: गॅसचं बिल, गोळ्यांची डबी, ओळखीचा रस्ता, फोनवर बोलत चहा करणं. "आई विसरते" हे लिहून उपयोग नाही. "नेहमीच्या पुरणाला किती डाळ घ्यायची ते विचारलं, दोनदा" हे लिहा. घड्याळ दाखवून परीक्षा घेऊ नका, घरात तंटे होतात. चाचणी करायचीच तर डॉक्टर करतील.

डोकं मंदावण्यामागं सोपी कारणंही असतात, ती आधी हुडकायची. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि पूर्ण शाकाहारी घरात आधीच ते काठावर असतं. थायरॉइड. झोपेत घोरणं आणि मधेच श्वास अडकणं. पोट आणि मान जाड असलेल्यांत हे जास्त. मन उदास असणं. झोपेच्या आणि खाजेच्या काही गोळ्या. आणि कान, ऐकू येत नसलेला माणूस विसरला असं घरचे म्हणतात, मुळात त्याला ऐकूच आलेलं नसतं. आमच्या ह्यांच्या बाबतीत बी-१२ कमी निघालं, बीपी संध्याकाळी वर जात होतं, आणि कंबर ९९ होती. बी-१२ ची इंजेक्शनं झाली, गोळीची वेळ बदलली, रात्रीच्या दोन भाकऱ्यांची एक झाली. कंबर ९४ वर आली आहे. फोनवरच्या माणसाला थांबवतात अजूनही, पूर्वीपेक्षा कमी.

हे सगळं हळूहळू चालणाऱ्या गोष्टींचं झालं. एकाएकी तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, शब्द अडखळणं किंवा भलतंच बोलणं, याला वही नको. आधी बोटातून साखर बघा, कारण उतरलेली साखर असंच सोंग घेते. साखर ठीक असेल किंवा मीटर हाताशी नसेल, तर लगेच १०८. माणूस शेवटचा धड कधी दिसला होता ती वेळ पक्की सांगा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि आधी सीटी स्कॅन व्हावा लागतो, म्हणून सीटीची सोय असलेल्याच दवाखान्यात न्या. तोंडातून पाणी, चहा, अ‍ॅस्पिरिन काही घालू नका, आणि बीपी जास्त दिसलं म्हणून जादा गोळीही देऊ नका.